हैदराबादचा तनखा

आमच्या आष्टीत फुटबॉल कुणी खेळत नाही. कुस्ती आहे, कबड्डी आहे, उन्हाळ्यात टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने असतात आणि पहिल्या बक्षिसाची रक्कम पुढाऱ्याच्या फोटोसकट चौकात टांगलेली असते. फुटबॉल म्हटलं की शाळेच्या खोलीत पंपाअभावी बसलेला एखादा चेंडू, एवढंच. तरी आमच्या घरात फुटबॉलचा विषय निघाला की जेवणं लांबतात, भाकरी वाळतात आणि बायका ओरडतात. ह्याला कारण आमचे आबा.

आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. आजोबांना आम्ही दादा म्हणायचो. दादा बांधावर, आबा हैदराबादेत, अशी त्या दोघांची वाटणी फार लवकर झाली होती. आताच्या पोरांना हैदराबाद म्हटलं की बिर्याणी आणि कंपन्या आठवतात. आमच्या आधीच्या पिढीला ती राजधानी होती. नगरच्या दिशेला थोडं चाललं की इंग्रजाचं राज्य लागायचं, आणि आष्टी निजामाच्या मुलखात. इकडे हाली रुपया, तिकडे कलदार. मध्ये करोडगिरीचं नाकं. आजी नगरच्या बाजारातून लुगडं घेतलं की आधीच्या लुगड्यावरच ते नेसायची आणि नाक्यावरच्या शिपायाशी तोंड भरून बोलत बोलत इकडे यायची. "अंगावरच्या कपड्याला कुठं आलीय जकात?" हे ती आम्हाला इतक्या वेळा सांगायची, की लुगडी दोनाची तीन कधी झाली ते तिलाही कळलं नसावं.

तहसिलीचा कारभार उर्दूत चालायचा. आबा शाळेत उर्दू शिकले, अक्षर वळणदार होतं, म्हणून कुणाच्या तरी शिफारशीने हैदराबादला नोकरीला लागले. बैलगाडीने नगर, तिथून दौंड, सोलापूर, वाडी आणि मग हैदराबाद. शिदोरीला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. ती सोलापूरपर्यंत पुरायची आणि पुढे वाडीच्या फलाटावर चहावर भागवावं लागायचं, असं ते सांगत. नोकरी कसली, ह्याबद्दल मात्र घरात दोन मतं आहेत. आबा स्वतः म्हणायचे, मी सिटी पोलिसांच्या दफ्तरात मोहरीर होतो, म्हणजे लिहिणावळीचा माणूस. माझे वडील हळूच म्हणायचे, पोलिसांच्या दफ्तरासमोर अर्ज लिहून द्यायला बसत असतील. मी आबांच्या बाजूचा. कारण पोलिसांच्या फुटबॉल संघाची जी माहिती त्यांना होती, ती समोरच्या फुटपाथवरून मिळाली असेल असं मला वाटत नाही.

हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ हे काय प्रकरण होतं, हे आज सांगावं लागतं. रोव्हर्स कप ही मुंबईची जुनी स्पर्धा, 1891 पासूनची. सुरुवातीची कित्येक वर्षं ती गोऱ्या पलटणींनीच जिंकली. 1937 मध्ये बंगलोर मुस्लिम्सनी पहिल्यांदा तो कप देशी माणसांच्या हाती आणला. मुंबईतल्या कुपरेजच्या मैदानावर हैदराबादच्या पोलिसांनी 1950 ते 1954, अशी लागोपाठ 5 वर्षं रोव्हर्स कप उचलला. दिल्लीचा ड्युरंड कप त्याच 1950 साली, समोर मोहन बागान. कलकत्त्याच्या माणसाला मोहन बागान काय असतं हे आपल्याकडच्या माणसाने पंढरपूरवरून ओळखावं. त्यांना हरवणारे हे कोण, तर दिवसा चौकात, कचेरीत ड्युटी करणारे पोलीस.

त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम. आबा 'रहीमसाब' म्हणत आणि म्हणताना मांडी सावरून बसत. रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर. त्यामुळे खेळ शिकवण्यातसुद्धा मास्तरकी. चेंडू पायात घोळवत बसायचं नाही, आला की दिला. कमजोर पायाचेच सामने लावायचे, म्हणजे उजव्याने खेळणाऱ्याने फक्त डाव्याने मारायचं. ही गोष्ट आबांनी नुसती सांगितली नाही, आमच्यावर लादली. सुगी संपून खळं मोकळं झालं की ते आम्हा पोरांना तिथं उभं करायचे. चेंडू चिंध्यांचा. वर सायकलच्या ट्यूबच्या गोल कापलेल्या पट्ट्या एकावर एक चढवून तो घट्ट केलेला. नवा असताना चांगला उसळायचा, दोन दिवसांनी एका बाजूने चपटा होऊन मनाला येईल तिकडे जायचा. उजवा पाय लावला की आबा खाटेवरून ओरडायचे, "हात्तिच्या! त्यो पाय घरी ठिवून ये." सारवलेल्या खळ्याला आमच्या टाचांनी पोपडे निघायचे आणि मग दादा काठी घेऊन आले की रहीमसाहेबांची तालीम बरखास्त.

अनवाणी खेळायला आम्हाला लाज नव्हती, कारण आबांनी सांगून ठेवलं होतं की 1948 ला लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपली बरीच माणसं अनवाणी पायांनी खेळली आणि फ्रान्सने जेमतेम 2-1 ने सामना काढला. चार वर्षांनी हेलसिंकीच्या गारठ्यात युगोस्लाव्हियाने 10-1 ने धुतलं, तो भाग ते घाईने उरकायचे. त्या संघात हैदराबादचे नूर महंमद, अझीझुद्दीन ही मंडळी होती. ही नावं आबा आमच्या भावकीतली असल्यासारखी घ्यायचे, इतकी की माझी अक्काआत्या लहानपणी समजायची, अझीझुद्दीन हे आबांचे साडूच.

आणि ह्या सगळ्यात आबांना सर्वांत जास्त कौतुक कशाचं असेल? कपाचं नाही, रहीमसाहेबांचंही नाही. कौतुक तनख्याचं. "खेळायला गेला तरी पैल्या तारखेला तनखा हाय. पाय मोडला तरी हाय. म्हातारा झाला तर पिन्शन हाय," हे ते बोटांवर मोजून सांगायचे. नूर महंमदांच्या नावापुढची रक्कम आपण स्वतःच्या हाताने रजिस्टरात चढवली, असाही त्यांचा दावा होता. रक्कम विचारली की दर वेळी वेगळी निघायची. पण मुद्दा खरा होता. संघ पोलिसांचा, खेळाडू पोलीस, आणि त्यांचं पोट सरकारी नोकरीवर. गोल कमी झाले म्हणून चूल विझत नव्हती.

मधे 1948 चा सप्टेंबर येऊन गेला. रझाकारांचा धुमाकूळ, सरहद्दीवरच्या तळांतून चाललेला लढा, मग 13 ते 17 सप्टेंबरची पोलीस ॲक्शन आणि निजामाचं राज्य संपलं. आबा त्या दिवसांत कुठे होते, ह्यावर ते फार बोलत नसत. आधी आणि नंतर, दोन्हीकडची गरीब माणसं होरपळली, एवढंच म्हणत आणि तंबाखू मळायला घेत. मला नवल वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. राज्य गेलं, झेंडा बदलला, नाणं बदलत होतं, आणि दोनेक वर्षांत तोच पोलिसांचा संघ दिल्ली-मुंबई जिंकत सुटला. साहेब बदलले, पण हजेरीपट चालू राहिला.

आबा परत आले ते 1956 च्या सुमाराला. 1 नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला, हैदराबादशी असलेली सरकारी नाळ तुटली. त्याच महिन्यात मेलबर्नला ऑलिंपिक सुरू झालं आणि रहीमसाहेबांच्या संघाने 1 डिसेंबरला ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी 4-2 ने हरवलं. नेव्हिल डिसूझाने 3 गोल केले, तो मुंबईच्या कॅलटेक्सकडून खेळायचा. भारत चौथा आला. म्हणजे ज्या वेळी आबांचं हैदराबाद जगात गाजत होतं, त्या वेळी आबा आष्टीच्या पारावर बसून मुंबई राज्याचे रहिवासी झाले होते. लोखंडी ट्रंकेत उस्मानिया बिस्किटं आणली होती. थोडी खारट, थोडी गोड. आजीला ती चव समजेना, तिने ती मीठ चुकून पडलेली नानकटाई ठरवली आणि शेजारी वाटून टाकली. आबांनी ह्यावरून आठ दिवस अबोला धरला होता म्हणतात.

आबांच्या खाण्यात हैदराबाद शेवटपर्यंत राहिलं. हुलग्याच्या शेंगोळ्यांवरही त्यांना चिंचेचा खट्टा लागायचा. सकाळी खिचडी. आमच्याकडे खिचडी रात्रीची, आजाऱ्याची नाहीतर बाईमाणूस घरात नसल्याची. सकाळी सकाळी खिचडी खाणारा माणूस गावात ते एकटेच. 1962 ला जकार्तात रहीमसाहेबांनी आशियाई सुवर्ण आणलं, अंतिम सामन्यात कोरियावर 2-1 अशी मात करून, तेव्हा आबांनी त्या खिचडीत तूप जरा जास्त घालायला लावलं, अशी आठवण अक्काआत्या सांगते. वर्षभरात, जून 1963 मध्ये, रहीमसाहेब कर्करोगाने गेले. ती बातमी आष्टीला किती दिवसांनी पोचली असेल, देव जाणे. आबांनी त्या दिवशी खळ्यावर आम्हाला बोलावलं नाही, असं मला पुसटसं आठवतं. पण जूनमध्ये खळं कुठलं? तेव्हा ही आठवण मी बहुधा नंतर कधीतरी स्वतःच तयार केलेली आहे.

आता पुण्याकडे वळतो. कारण आबांच्या पिढीची वाट पूर्वेला जायची आणि आमच्या नंतरच्यांची पश्चिमेला. आष्टीतल्या घराघरातलं पोरगं पुण्यात आहे. चाकणला, हिंजवडीला, भोसरीला. माझ्या धाकट्या भावाचा मुलगा हिंजवडीत नोकरीला लागला आणि त्याला जवळच बालेवाडीचं स्टेडियम सापडलं. 2014 ला इंडियन सुपर लीग सुरू झाली होती. पुण्याचा संघ एफसी पुणे सिटी, मालकांत सिनेमातला हृतिक रोशन, खेळायला फ्रान्सचा ट्रेझेगे. पुतण्या 'ऑरेंज आर्मी'त जाऊन बसू लागला. दिवाळीला गावाकडे आला तो नारिंगी जर्सी घालून. अक्काआत्याने विचारलं, "कोणत्या पक्षाचा झालास रं?"

पुण्यात त्या काळात फुटबॉल क्लब दाटीवाटीने होते. 2007 चा पुणे एफसी, पिरामल घराण्यातला. 2012-13 ला आय-लीगमध्ये दुसरा आला होता. कल्याणी समूहाचा भारत एफसी. डीएसके शिवाजियन्स. आणि हा पुणे सिटी. त्यातला भारत एफसी एक हंगाम खेळून मिटला. पुणे एफसीने 2015 ला गाशा गुंडाळला. शिवाजियन्स 2017 नंतर दिसेनासे झाले. मुंबईतही तेच. महिंद्र युनायटेड 2010 ला बंद झाला. चार वर्षांपूर्वीच त्यांनी राष्ट्रीय लीग जिंकली होती. मुंबई एफसी 2017 ला गेला. पुणे सिटी मात्र 2017-18 ला उपांत्य फेरीपर्यंत पोचला, मार्सेलिन्हो आणि अल्फारो गोल करत होते, पुतण्याचा घसा कायम बसलेला. बंगळूरूत सुनील छेत्रीने 3 गोल घालून तो हंगाम संपवला. पुढच्या हंगामात संघ सातवा आला, आणि 2019 ला मालकांच्या पैशाच्या अडचणीत क्लबच उठला. नव्या मालकांनी तो हक्क घेतला आणि क्लब गेला कुठे? तर हैदराबादला!

पुतण्याने फोनवर हे सांगितलं तेव्हा तो रडवेला झाला होता आणि मला, खरं सांगतो, हसू येत होतं. आबा असते तर म्हणाले असते, आलं का शेवटी ठिकाणावर. पुतण्याचं म्हणणं असं की क्लब काही रेशनकार्ड नाही पत्ता बदलून घ्यायला. मी म्हटलं, बाबा, आपलं सगळं गाव एकदा एका राज्यातून उचलून दुसऱ्यात ठेवलं, तुझ्या क्लबचं काय घेऊन बसलास. पण त्याचं दुःख खरं होतं. दहा दिवसांनी त्याने पिवळा रंग बघायला सुरुवात केली. हैदराबाद एफसीचा रंग पिवळा-काळा.

पहिल्या हंगामात हैदराबाद तळाला. मग स्पेनचे मनोलो मार्केझ प्रशिक्षक झाले आणि 20 मार्च 2022 ला मडगावच्या फातोर्ड्यावर हैदराबाद अंतिम सामन्यात केरळसमोर उभा होता. तो सामना आम्ही सगळ्यांनी आष्टीत बसून पाहिला. पुतण्या सुट्टीवर आलेला, अक्काआत्या खुर्चीत, ताटात मटकी आणि बाजरीची भाकरी. हैदराबाद मागे पडलेला. 88 व्या मिनिटाला गोव्याच्या साहिल ताव्होराने लांबून असा चेंडू हाणला की भाकरीचा तुकडा माझ्या हातातच राहिला. 1-1. मग पेनल्टी, आणि गोलात लक्ष्मीकांत कट्टीमणी, तोही गोव्याचा. त्याने 3 अडवल्या. त्या विजेत्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. अक्काआत्याला एवढंच समजलं की हैदराबाद जिंकलं. ती म्हणाली, आबांच्या फोटोला हार घाला. फोटो सापडेपर्यंत अर्धा तास गेला.

हे सगळं सांगायचं कारण त्यानंतरचा दुसरा हंगाम, 2023-24. विजेतेपदाला दोन वर्षंही झाली नव्हती. पगार थकले. आधी महिना, मग महिने. थकलेल्या देण्यांवरून फिफाने नवे खेळाडू नोंदवायला बंदी घातली. परदेशी खेळाडू एकेक करून विमानात बसले. मनोलो आधीच गोव्याला गेले होते. जानेवारीत घरचेही निघाले. यासिर गोव्याला, चिंगलेनसाना आणि निखिल पुजारी बंगळूरूला. जमशेदपूरच्या एका हॉटेलाचं बिल राहिल्याची तक्रार तर पोलिसांत गेली. इथे मला आबांची फार आठवण झाली. हैदराबादचा फुटबॉल आणि पोलीस ह्यांचा संबंध असाही येईल, हे त्यांच्या डोक्यात आलं नसतं.

पुतण्या दर सामन्यानंतर फोन करायचा. "काका, आज पण हरलो," एवढ्यासाठी. थांगबोई सिंगतो म्हणून मणिपूरचे प्रशिक्षक, त्यांच्या हाताशी राखीव संघातली पोरं. सगळी बावीस-तेवीसच्या आतबाहेरची. समोर परदेशी स्ट्रायकर, धिप्पाड, पगार वेळेवर घेणारे. ही पोरं पळत होती. अर्ध्या सामन्यापर्यंत टिकायची, मग मागे पडायची. मार्च उजाडला तेव्हा कुठे चेन्नईयिनला 1-0 ने हरवून हंगामातला पहिला विजय मिळाला, आणि तोच शेवटचा ठरला. 22 सामने, 1 विजय, 8 गुण, सर्वांत खाली. त्या विजयाच्या रात्रीचा फोन माझ्या लक्षात आहे, कारण पुतण्या काहीच बोलत नव्हता, नुसता हसत होता.

मला त्या हंगामात एक गोष्ट सारखी खटकायची, आणि ती आष्टीच्या माणसालाच खटकेल. आमच्या तालुक्यातून दसरा-दिवाळी झाली की ट्रकच्या ट्रक ऊसतोडीला जातात. कोयता निघायच्या आधी मुकादम उचल देतो. म्हणजे पैसा आधी, घाम नंतर. त्या उचलीत माणूस कसा अडकतो, कसा वर्षानुवर्षं फिटत नाही, हे आम्ही जन्मभर पाहिलं आहे, त्याचं कौतुक सांगत नाही. पण त्या पोरांचं निराळंच. घाम आधी, हंगाम पुरा, आणि पैसा वकिलामार्फत मागायचा. टीव्हीवर दिसणारा, अंगावर पाच कंपन्यांची नावं असलेला खेळाडू कोयत्यावरच्या जोडीपेक्षा कच्च्या करारावर उभा असतो, हे मी भावाला सांगितलं तर त्याला पटलं नाही. तो म्हणाला, त्यांचे आकडे बघ की. मी म्हटलं, आकडा कागदावर आहे.

त्याच हंगामाच्या तोंडावर, ऑक्टोबर 2023 च्या पहिल्या तारखेला, आमच्या तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने हांगझूच्या आशियाई स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं सुवर्ण घेतलं, 8 मिनिटं 19.50 सेकंद. आष्टीत फटाके वाजले. अविनाश बारावीनंतर सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनला राहिला, राजस्थानात राहिला, पळणं नंतर सुरू झालं. त्याच्या पळण्याचं श्रेय त्याचंच, पायाचं आणि छातीचं. पण मला आबांचं बोटं मोजणं आठवलं. पहिल्या तारखेला तनखा. पाय मुरगळला तरी. 2022 च्या सप्टेंबरात नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली तेव्हा गावाला जेवढा आनंद झाला, तेवढाच त्या दिवशी झाला. आणि फुटबॉलवाला पुतण्या तेवढ्यापुरता फुटबॉल विसरला.

जुन्या मुंबईत कॅलटेक्स होतं, टाटा होतं, गिरण्यांचे संघ होते. ते धर्मादाय करत नव्हते, कंपनीचं नाव व्हावं म्हणूनच संघ ठेवत. फक्त खेळाडूला आधी नोकरी लावत. संघ मोडला तरी टेबल-खुर्ची राही. आताचे मालक संघ विकत घेतात, जसा प्लॉट घेतात तसा. भाव आला नाही की काढतात. खेळाडूला मिळतो तो करार, आणि गावाला मिळते ती जर्सी. माझं म्हणणं कुणी मागासलेलं म्हणेल, म्हणू दे.

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. पुतण्याने मला स्कॉटलंडमधल्या ग्रेटना नावाच्या गावाची गोष्ट सांगितली. गाव आपल्या आष्टीहून कितीतरी लहान, वस्ती तीन हजारांच्या आसपास. शेजारचं ग्रेटना ग्रीन हे इंग्रजी पोरं-पोरी पळून येऊन लग्न लावायचं जुनं ठिकाण. हे ऐकल्यावर अक्काआत्याचे कान टवकारले आणि फुटबॉलवर येईपर्यंत चहा दोनदा झाला. तर ह्या गावाचा 1946 चा छोटा क्लब 2002 ला स्कॉटिश लीगमध्ये आला. ब्रूक्स माइल्सन नावाच्या धनिकाने पैसा ओतला. लागोपाठ 3 बढत्या. 2006 ला स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यात, हार्ट्सकडून पेनल्टीवर हरले. 2007 ला सर्वांत वरच्या लीगमध्ये. तिथं खेळायला गावातलं मैदान चालेना, म्हणून घरचे सामने लांबच्या मदरवेलला. मग माइल्सन आजारी पडले, पैसा थांबला, मार्च 2008 मध्ये क्लब प्रशासकाच्या हाती गेला आणि ऑगस्टपर्यंत संपलासुद्धा. नोव्हेंबरात माइल्सनही वारले. एका माणसाच्या खिशावर एवढं मोठं घर उभं होतं. पण पुढचं ऐका. गावच्या प्रेक्षकांनी त्याच वर्षी वर्गणी काढून नवा क्लब उभा केला, 'ग्रेटना एफसी 2008' नावाचा. खालच्या लीगमध्ये, आणि पुढे आपल्या जुन्या मैदानावर. कुणी विकत घ्यायला येत नाही, आणि त्यामुळे कुणी विकूही शकत नाही.

हे ऐकून मला कोल्हापूरच आठवलं. तिथले संघ तालमींचे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल. तालीम म्हणजे पेठ, पेठ म्हणजे संघ. शाहू स्टेडियमवर हंगाम चालतो, वर्गणी निघते, कुणी दुकानदार बूट देतो, कुणी जर्सी. भांडणं होतात, डोकीही फुटतात, पण पाटाकडील तालीम उद्या उठून हैदराबादला गेली असं कधी ऐकलंय? तालमीला पाय नसतात. तिथल्याच मातीतून अनिकेत आला, हे पुतण्या मोठ्या अभिमानाने सांगतो, जणू त्याच्या शेजारच्या खोलीतला.

हैदराबादचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. 2024 ला जिंदाल समूहाने क्लब घेतला, अजून एक हंगाम कसाबसा गेला, आणि 2025 च्या शेवटी क्लब दिल्लीला गेला, नावही बदलून. आता तो स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. पुतण्याने तिसरा रंग घ्यायला मात्र साफ नकार दिला. नारिंगी जर्सी त्याची मुलगी झोपताना घालते, ती गुडघ्यापर्यंत येते. पिवळी त्याने अजून ठेवली आहे.

आता त्याने नवं काढलं आहे. सुट्टी काढून कोल्हापूरला जायचं, शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना लागला की तो पाहायचा. मलाही चल म्हणतो. अक्काआत्या म्हणाली, तुम्ही जा, पण त्या पोरांना तनखा कोण देतं ते आधी विचारून या. पुतण्याने तिला अर्धा तास वर्गणीची पद्धत समजावून सांगितली. मी येतो म्हटलंय. फक्त सामना किती वाजता सुटतो ते त्याने नीट विचारून ठेवावं, कारण चांगल्या खानावळीत तांबडा-पांढरा रस्सा रात्री उशिरा गेलं की संपलेला असतो आणि मग प्रवास वाया.